थीम पार्कला जाताय? उपाशी न राहता आणि खिसा रिकामा न करता कसं खायचं

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना जे बोललो तेच इथे आहे, फक्त अडखळणं तेवढं काढलंय. ज्यांना प्रवासात रेंज मिळत नाही त्यांनी हे आधीच उघडून ठेवा.)

००:०० – सुरुवात

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. थीम पार्कला गेल्यावर स्वस्तात खायचं कसं? राईड्स, रील्स, फोटो हे सगळं सोडून हा खाण्यावर एपिसोड काढतोय, असं वाटेल. पण थोडं थांबा.

जालना, भोकरदन, अंबड, परतूर, मंठा, आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही घरातून सुट्टीत पार्कला जायचं ठरलं की हिशोब कशाचा होतो? तिकिटाचा आणि गाडीचा. माणशी तिकीट एवढं, डिझेल एवढं, टोल एवढा. व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढंच फिरतं. खाण्याचं काय? "ते बघू तिथं." आणि मग "तिथं" गेल्यावर दुपारी दीड वाजता काउंटरवरचा मेनू बघून बाबांचा चेहरा बदलतो. पाच जणांत तीन प्लेट घेतल्या जातात. आजी म्हणते, "मला नाही रे भूक, लेकरांना द्या." आई म्हणते, "माझं डोकं दुखतंय, मी नुसतं पाणी घेते."

हे तुम्ही पाहिलंय. आपण सगळ्यांनी पाहिलंय. खाण्याचं बजेट आधी ठरलं नाही तर ते नंतर ठरतं, आणि त्याची कात्री आईच्या आणि आजीच्या ताटाला लागते. म्हणून आजचा एपिसोड. उद्देश कंजूषपणा शिकवायचा नाहीये. सगळ्यांनी पोटभर खाऊन, हसत घरी यावं, आणि तेही आधी ठरवलेल्या पैशांत, एवढंच.

०२:१० – आत खाणं महाग का असतं?

आधी कारण समजून घेऊ, कारण ते कळलं की उपाय आपोआप सुचतात.

राजूरला अंगारकीला गेलात का कधी? आपल्या भोकरदन तालुक्यातलं राजुरेश्वराचं देवस्थान. चतुर्थीला केवढी गर्दी असते! आता समजा तिथे एका गाडीवाल्याने भज्यांची प्लेट दुप्पट केली. तुम्ही काय कराल? चार पावलं पुढे जाल, दुसऱ्या गाडीवर खाल. गर्दी कितीही असली तरी शेजारी दुसरा गाडीवाला उभा आहे, म्हणून पहिल्याला भाव हाताबाहेर नेता येत नाही. कुणी तुम्हाला अडवून ठेवलेलं नाही, आणि तुमच्या पिशवीतला डबाही कुणी तपासत नाही.

थीम पार्कला मात्र गेट असतं. तुम्ही तिकीट काढून आत आलात, बाहेर गेलात तर वेळ जातो, कदाचित परत येताही येत नाही. बाहेरचा डबा आणायला मनाई. आत दुकानं दहा दिसली तरी मालक बहुतेक एकच. म्हणजे तुम्ही बांधलेलं गिऱ्हाईक झालात. हेच मल्टिप्लेक्समध्ये, हेच विमानतळावर. आणि थोड्याफार फरकाने समृद्धी महामार्गावरही हेच, कारण तो चहूबाजूंनी कुंपण घातलेला रस्ता आहे. मन मानेल तिथे उतरून टपरीवर चहा घेता येत नाही.

याच्यावर एक गाजलेला अभ्यास आहे. वॉल्टर ओई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला, त्याच्या नावातच डिस्नेलँड आहे. प्रश्न साधा होता: पार्कच्या मालकाने गेटवर जास्त पैसे घ्यावेत आणि आत राईड स्वस्त ठेवाव्यात, की गेट स्वस्त ठेवून आत प्रत्येक राईडचे वेगळे घ्यावेत? त्या काळी कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये राईडसाठी कूपनांची पुस्तकं मिळायची. १९८२ मध्ये ती बंद झाली आणि एकच पास आला: एकदा पैसे भरा, हव्या तेवढ्या राईड्स घ्या. आज आपल्याकडच्या मोठ्या पार्कांतही साधारण हीच पद्धत आहे.

आता विचार करा. राईड्सचे पैसे तर गेटवरच देऊन झाले. मग आत गेल्यावर तुमच्याकडून आणखी पैसे कशातून येणार? खाणं, पाणी, फोटो, लॉकर, पोहण्याचे कपडे. म्हणून या पाच गोष्टींचे भाव चढे असतात. आणि खरं सांगायचं तर यात फक्त लूट नसते. शनिवार-रविवार पार्क भरतो, मंगळवारी अर्धा रिकामा असतो, पण स्वयंपाकघर, माणसं, स्वच्छता हा खर्च रोजचाच. तो कुठून तरी निघायला हवा. तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा की फोटो टाळता येतो, लॉकर एकात पाच जणांचा होतो, पण भूक टाळता येत नाही. म्हणून नियोजन तिथे हवं.

०५:३० – डबा आत नेता येतो का? कायदा काय म्हणतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सरळ उत्तर: बहुतेक पार्कांत नाही. बाळाचं खाणं आणि औषधं यांना साधारण सूट असते. पण प्रत्येक पार्कचे नियम वेगळे, म्हणून तिकिटाच्या अटी वाचा. त्या लांबलचक असतात, मान्य. पेज उघडून "फूड" हा शब्द शोधा, अर्ध्या मिनिटात सापडेल.

"पण हा आपला हक्क नाही का?" तर बघा, सिनेमागृहांच्या बाबतीत हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. जम्मू-काश्मीर हायकोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं होतं की बाहेरचं खाणं अडवू नका. सुप्रीम कोर्टाने ३ जानेवारी २०२३ ला तो आदेश रद्द केला. कोर्ट म्हणालं, जागा खाजगी आहे, मालक नियम ठरवू शकतो. मात्र दोन गोष्टी सांगितल्या: पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि लहान बाळाचं खाणं आई-वडिलांना आणू दिलं पाहिजे. हा निकाल सिनेमागृहांबद्दलचा आहे, पार्कवर जसाच्या तसा लावता येत नाही. पण "पिण्याच्या पाण्याचा नळ किंवा कूलर कुठे आहे?" हे आत शिरताच पहिल्यांदा विचारायला काहीच हरकत नाही.

दुसरं, एमआरपी. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या बाटलीवर बाहेर एक किंमत आणि पार्कसाठी वेगळी किंमत, असं छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. आता इथे एक मेख आहे. रेस्टॉरंटमध्ये बसवून वाढतात तिथे बाटलीचे एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात, असा सुप्रीम कोर्टाचाच डिसेंबर २०१७ चा निकाल आहे, कारण तिथे नुसती बाटली नाही तर सेवाही विकली जाते. पण नुसती बंद पाकिटं आणि बाटल्या विकणाऱ्या दुकानाला छापील किमतीच्या वर जाता येत नाही. म्हणजे बाटली टेबलावर मागवण्याऐवजी स्टॉलवरून घ्या आणि किंमत वाचून पैसे द्या.

तिसरं, सर्व्हिस चार्ज. बिलात तो आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय, आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, तो कर आहे, दोन्हींत गल्लत करू नका. वाद झालाच तर भांडत बसू नका, बिलाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. सुट्टीचा दिवस भांडणात घालवू नका.

जगात सगळीकडे डब्याला बंदी आहे असंही नाही. अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये घरचं खाणं नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि दारू चालत नाही एवढंच. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये डबा आत चालत नाही, पण गेटबाहेर डबा खाणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवली आहे. ही टोकियोची आयडिया लक्षात ठेवा, आपण तीच वापरणार आहोत.

०९:०० – आता हिशोब करू

मोबाईलमध्ये नोट्स उघडा. पाच जणांचं घर धरू: आई, बाबा, आजी आणि दोन लेकरं. आकडे मी उदाहरणासाठी घेतोय, तुम्ही ज्या पार्कला जाणार त्याचे खरे भाव टाका. मेनू सापडला नाही तर त्यांच्या नंबरवर फोन करून विचारा, सांगतात.

नियोजन नसलेला दिवस:
नाश्ता आत, माणशी १५०, झाले ७५०.
दुपारचं जेवण, माणशी ४००, झाले २०००.
पाण्याच्या ८ बाटल्या, ३० ने, झाले २४०.
चार वाजताचं चटरपटर, माणशी १२०, झाले ६००.
आइस्क्रीम, माणशी १००, झाले ५००.
एकूण ४०९०.

आता नियोजन केलेला दिवस:
नाश्ता घरच्या डब्यातला, गेटबाहेर. किराणा धरला २००.
दुपारचं जेवण आत, पाचही जणांचं, २०००.
पाणी नळावरचं किंवा कूलरचं, ०.
आइस्क्रीम पाचही जणांना, ५००.
संध्याकाळी बाहेर आल्यावर उरलेला डबा, ०.
एकूण २७००.

जवळपास १४०० रुपये वाचले. पण त्याहून महत्त्वाचं बघा: कापलं काय? नाश्ता, पाणी आणि चटरपटर. ज्यात मजा नव्हती ते. जेवण आणि आइस्क्रीम, म्हणजे ज्याची आठवण राहते ते, कुणाचंच कापलं नाही. आजीचंही नाही. आपण नेहमी उलटं करतो. नकळत पाण्यावर आणि वेफर्सवर पैसे जातात आणि मग जेवणाला हात आखडतो.

थोडक्यात नियम एकच: गेटच्या आत फक्त एक जेवण. बाकी सगळं गेटच्या बाहेर. आणि ते एक जेवण सगळ्यांचं, बजेटमध्ये आधीच धरलेलं.

आता कॉम्बोबद्दल. बऱ्याच ठिकाणी तिकिटासोबत जेवण जोडून मिळतं. समजा तिकिटावर ३०० जास्त आणि आत तेच ताट ४०० ला. पाचही जण पूर्ण ताट खाणार असतील तर १५०० विरुद्ध २०००, कॉम्बो घ्या. पण आजीचा गुरुवारचा उपवास असेल आणि धाकटं लेकरू अर्धी पोळी खाऊन पळत असेल, तर दोन कॉम्बो वाया. मग तिघांचे कॉम्बो काढा, ९०० रुपये. आजीसाठी उपवासाचं काय मिळतं ते आधीच फोन करून विचारा, आणि काहीच मिळत नसेल तर दिवस बदला. कॉम्बो सगळ्यांचाच घ्यायला हवा असं बहुतेक वेळा नसतं, बुकिंग करताना तपासा.

१२:२० – डब्यात काय न्यायचं?

टोकियोची आयडिया इथे. डबा आत जात नाही, पण गाडीत राहतो. पार्किंगमध्ये सावली बघून सतरंजी टाका. पण लक्षात ठेवा, एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते. शिजवलेलं ओलसर अन्न गरम हवेत चार तास राहिलं की त्यात जंतू वाढतात, वास आला नाही तरी. पार्कमधून उलट्या-जुलाब घेऊन यायचं नसेल तर डबा विचार करून भरा.

आपल्या मराठवाड्यातल्या बायांनी हे कधीच सोडवून ठेवलंय. दशमी! पीठ पाण्याऐवजी दुधात मळलं की पोळी मऊ राहते, प्रवासाला चालते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. धपाटे करायचे असतील तर सकाळच्या खाण्यासाठी, संध्याकाळसाठी ठेवू नका. चिवडा, गूळ-शेंगदाणे, भाजलेले फुटाणे दिवसभर टिकतात. फळांत मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ते मिरवायला असा प्रवास बरा! जाड सालीमुळे खराब होत नाही आणि उन्हातून आल्यावर घसा ओला करते. केळी सकाळी संपवा, दुपारपर्यंत काळी पडतात.

काय टाळायचं: दहीभात, ओल्या खोबऱ्याची चटणी, रस्सा, बटाट्याची ओली भाजी, मलईची मिठाई. दही हवंच असेल तर ते शहरात शेवटच्या क्षणी विकत घ्या आणि लगेच संपवा.

घरात कुणाला शुगर असेल तर त्यांच्या खिशात बिस्किटं किंवा साखर ठेवाच. गेटवर औषधाची चिठ्ठी दाखवा, नीट सांगा. त्यांच्या बाबतीत "जेवण उशिरा करू" हा फॉर्म्युला लावायचा नाही.

१५:०० – प्लॅन एक: शिर्डी, एका दिवसात

आपल्याला सगळ्यात जवळचा मोठा वॉटर पार्क म्हणजे शिर्डीचा वेट अँड जॉय. संगमनेरच्या मालपाणी समूहाने उभा केलेला. तिथेच साईतीर्थ हा भक्तीवर आधारलेला थीम पार्कही आहे. जालन्यापासून अंतर साधारण दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर, कोणत्या रस्त्याने जाता त्यावर अवलंबून. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी समृद्धी सुरू झाल्यापासून जालन्याहून हे एका दिवसाचं काम झालंय.

पहाटे निघा. समृद्धीवर चढायच्या आधी चहा-बिस्किटं उरका, कारण मघाशी म्हणालो तसं वर टपरी नाही. साडेनऊच्या सुमाराला पार्कजवळ पोहोचून डब्यातला भरपेट नाश्ता करा. पाण्यात खेळल्यावर भूक जोरात लागते, म्हणून हा नाश्ता हलक्यात घेऊ नका. पण पोट टम्म करून लगेच उंच घसरगुंडीवर चढू नका. नाश्ता, मग कपडे, लॉकर, तिकीट यात अर्धा-पाऊण तास जातोच, तेवढा पुरतो.

संध्याकाळचं जेवण? शिर्डीत याचं उत्तर महाराष्ट्राला माहीत आहे. साईबाबा संस्थानचं प्रसादालय. तिथे भाविकांना मोफत जेवण मिळतं. छतावर २००९ मध्ये सौर तबकड्या बसवून त्या वाफेवर स्वयंपाकाची सोय केलेली आहे, हजारो माणसांचा. जाऊन बघण्यासारखी जागा आहे. कूपनचे आणि वेळेचे नियम बदलत असतात, निघण्याआधी संस्थानच्या वेबसाइटवर बघून घ्या.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. प्रसादालय हे आपल्या ट्रिपचं पैसे वाचवायचं हॉटेल नाही. तिकिटावर हजारो घालवून आलेल्या घराने फुकट जेवावं का, असा प्रश्न काहींना पडतो. माझं म्हणणं: दर्शनाला जाणार असाल तर जरूर जेवा, तो प्रसाद आहे, तिथे श्रीमंत-गरीब एकाच पंगतीत बसतात आणि लेकरांनी ते बघायलाच हवं. ताटात टाकू नका. आणि बाहेर पडताना जमेल तेवढं अन्नदानात टाका, पन्नास रुपये का होईना. दर्शनाला जायचंच नसेल तर गावातल्या साध्या खानावळीत थाळी खा. तिथे शेजारी शेजारी दुकानं आहेत, म्हणजे राजूरच्या भज्यांसारखं: भाव विचारा, पटला नाही तर पुढचं दुकान.

आणि गुरुवार टाळा. शिर्डीत गुरुवारी गर्दी जास्त, रस्ता, पार्किंग, पंगत सगळीकडे वेळ जातो. आजीचा उपवासही त्याच दिवशी.

गाडी नसेल तर एसटी. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट. आजीचं आधार कार्ड सोबत ठेवा. तिथे वाचलेले पैसे थेट जेवणाच्या बजेटमध्ये टाका. फक्त एसटीने गेलात तर डबा ठेवायला गाडी नाही, म्हणून पार्कमध्ये सामानघर आहे का आणि तिथे बंद डबा ठेवू देतात का, हे आधी विचारा.

१९:१० – प्लॅन दोन: खोपोली

दुसरा पर्याय म्हणजे रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळची इमॅजिका. २०१३ मध्ये सुरू झाली, मनमोहन शेट्टी यांनी उभी केली, आणि २०२२ मध्ये ती मालपाणी समूहाकडे आली. जालन्याहून साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. म्हणजे हा एका दिवसाचा खेळ नाही, एक मुक्काम धरा.

रेल्वेने जात असाल तर वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ पासून जालना-मुंबई मार्गावर आहे. कल्याणला उतरून लोकलने कर्जतमार्गे खोपोली. इथेही खाण्याची एक गंमत आहे: वंदे भारतचं तिकीट काढताना "जेवण नको" असा पर्याय असतो, तो निवडला की जेवणाचे पैसे तिकिटातून कमी होतात. घरच्या दशम्या आहेत ना! बुकिंगच्या घाईत हा पर्याय नजरेतून सुटतो, थांबून बघा.

खोपोलीत मुक्काम केलात तर सकाळचा नाश्ता गावात करा. वडापाव, मिसळ, पोहे, जे आवडेल ते. पण नाश्ता गावातच, एक्सप्रेस-वेच्या फूड मॉलवर नाही. फूड मॉल म्हणजे परत तेच, कुंपणातलं दुकान. इथे रोलर कोस्टर आहेत, म्हणून तेलकट कमी खा. नायट्रोवर बसल्यावर मिसळीची तर्री आठवायला नको.

२१:३० – आत गेल्यावर

काही छोट्या गोष्टी, पटापट सांगतो.

एक. शिरतानाच विचारा: बाहेर जाऊन परत येता येतं का? काही ठिकाणी हातावर शिक्का किंवा बँड देतात. परत येता येत असेल तर दुपारचा डबाही पार्किंगमध्ये होऊ शकतो.

दोन. रिकामी बाटली चालते का ते विचारा. चालत असेल तर माणशी एक न्या. उन्हाळ्यात तहान लागायच्या आधी प्या.

तीन. जेवायची वेळ गर्दीपासून सरकवा. मी सॉफ्टवेअरवाला आहे, आमच्याकडे सगळे युजर एकाच मिनिटाला आले की सर्व्हर बसतो. पार्कचं कॅन्टीन एक ते दोनच्या दरम्यान तसंच बसतं. नाश्ता दहाला भरपेट झालाय, तर जेवण सव्वादोनला करा. एक ते दोन सगळे जेवणाच्या रांगेत असतात तेव्हा राईडची रांग छोटी असते. लेकरं फारच लहान असतील तर उलट, बारालाच उरका.

चार. मेनूचा बोर्ड रांगेत उभं राहण्याआधी वाचा. एकाने जाऊन फोटो काढून आणायचा, सगळ्यांनी सावलीत बसून ठरवायचं. काउंटरवर पोचल्यावर मागून ढकलाढकली होते आणि माणूस "हां, ते पण द्या" म्हणून मोकळा होतो. भात, पोळी, डाळ असलेलं ताट बर्गर-फ्राईजपेक्षा जास्त वेळ पोटात राहतं, हे आजीला माहीत आहे, आपण विसरतो.

पाच. काही ठिकाणी आत रोख चालत नाही, कार्डात किंवा बँडमध्ये पैसे भरावे लागतात. आपण ठरवलेलं बजेट तेवढंच भरा, आणि उरलेले परत कसे मिळतात ते भरतानाच विचारा. निघायच्या घाईत ते राहून जातं.

सहा. लेकरांना आधीच सांगा. घरी असतानाच: "आत एक जेवण आणि एक आइस्क्रीम, आइस्क्रीम तू निवडायचं." आठ वर्षांच्या पोराला हे कळतं. आतमध्ये प्रत्येक स्टॉलसमोर "नाही, महाग आहे" म्हणण्यापेक्षा हे दोघांसाठी बरं. प्रत्येक वेळी "नाही" ऐकलेल्या पोराला घरी येताना राईड आठवत नाही, "नाही" आठवतं.

२४:४० – जाता जाता

तर मंडळी, ज्याने ट्रिपचा ग्रुप बनवलाय त्याने आज एक काम करा. तिकीट आणि डिझेलच्या खाली तिसरी ओळ लिहा: जेवण. माणसं पाच असतील तर ताटं पाच. आणि ही ओळ ग्रुपवर टाका, सगळ्यांना दिसू द्या. एवढ्याने बजेट बसत नसेल तर ट्रिप महिनाभर पुढे ढकला, किंवा आठवड्याच्या मधल्या दिवसाचं तिकीट बघा, ते बऱ्याचदा स्वस्त असतं. पण ताटं चार करू नका.

कारण "मला भूक नाही" हे वाक्य आपल्या घरात फार जुनं आहे. ते म्हणणारी बाई खोटं बोलते हे सगळ्यांना कळतं, आणि तरी आपण तिची प्लेट सोडून पुढे जातो. पगार आपल्या पिढीकडे आलाय, मोबाईल आपल्याकडे, बुकिंग आपण करतो. म्हणून ते वाक्य तिला म्हणायला लागू नये ही जबाबदारीही आपलीच. पाच ताटांचे पैसे आधी भरून टाका, मग तिला नाही म्हणायला जागाच उरणार नाही.

तुमच्या गावाहून पार्कला जाताना डब्यात काय नेता, कोणता पदार्थ उन्हात टिकतो, ते व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. घनसावंगी, बदनापूर, जाफराबादवाले, तुमच्याकडून तर येऊच द्या!

पुढच्या आठवड्यात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आजीला विचारा, दशमीचं पीठ किती दुधात मळते ते. राम राम!